डावा गाल

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर आमचे हे पहिलं काम काय करतात, तर दिवे बंद करतात. नवरीमुलीची आई, हॉलचा मॅनेजर, सजावटवाला, सगळे हात धुऊन मागे लागतात, "अहो, काय करताय, अंधार झाला!" आणि हे मख्ख चेहऱ्यानं पुढच्या बटणाकडे. मग पडदे. एकेका खिडकीचा पडदा सरकवायचा, डोळे बारीक करून समोरच्या भिंतीवरचा उजेड बघायचा, पडदा थोडा ओढायचा, पुन्हा सरकवायचा. धंद्यातले लोक ह्यांना 'पडदेवाले' म्हणतात ते त्यामुळेच. एका लग्नात एका पाहुण्यानं ह्यांना खरोखरच पडदे शिवणारा माणूस समजून, आमच्या घराचं माप घ्यायला कधी येता म्हणून विचारलं होतं. ह्यांनी निमूटपणे पत्ता विचारून घेतला आणि घरी येईपर्यंत हसत होते.

मी ह्यांची बायको. लग्नात माझं काम थर्माकोलचा पांढरा बोर्ड धरून उभं राहायचं. खिडकीतून आलेला उजेड त्या बोर्डावर पडतो आणि तिथून उलटून चेहऱ्याची अंधारी बाजू थोडी उजळते. ऐकायला सोपं आहे. "बोर्ड खाली. अजून खाली. अगं, तू नको खाली बसूस, बोर्ड खाली घे." इतक्या वर्षांत माझे खांदे आणि ह्यांची जीभ, दोन्ही त्या कामाला सरावले आहेत. लग्नाला आलेल्या बायकांना मी कोण हे कळत नाही. सजावटीचा एखादा भाग गळून पडला असेल आणि ही बाई तो हातात धरून उभी आहे, असं काहीतरी त्यांना वाटत असावं.

फ्लॅश ह्यांनी कधी वापरला नाही. "फ्लॅश म्हणजे माणूस बेसावध असताना त्याच्या तोंडावर पाणी मारणं," असं सांगतात. यामागचं खरं कारण मला ठाऊक आहे. तरुणपणी हे एका स्टुडिओत ओळखपत्राचे फोटो काढायचे. खोलीला खिडकी नव्हती. दोन बाजूंना दोन प्रचंड दिवे आणि मध्ये एक स्टूल. हनुवटी वर, कान दिसू द्या, झालं, पुढचा. दिवसभर त्या दिव्यांत राहून ह्यांचं डोकं ठणकायचं. नोकरी सोडून स्वतःचा कॅमेरा घेतला तेव्हा दिवे घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून खिडक्या शोधायला लागले. पुढे कामं मिळाली, दिवे घेता आले असते, पण तोवर त्या अडचणीचं तत्त्व झालं होतं. हे मी चारचौघांत सांगितलं की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो, म्हणून मी हटकून सांगते.

पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मुलीला जरा गोरी करा, नाक जरा बारीक करा, गालावरचे खड्डे पुसा, असं कुणी म्हटलं की ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका नवरीमुलीच्या आईला ह्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "बाई, मुलगी तुम्ही घडवलीत. मी फक्त खिडकी उघडतो." त्या बाई पुन्हा आमच्या दारात आल्या नाहीत. असली वाक्यं ऐकायला झकास असतात, आणि त्यांच्यामुळे आमची निम्मी गिऱ्हाईकं कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जातात. तिथे सगळ्या मुली एकाच आईच्या दिसतात. तरी मला मनातून ह्यांचा अभिमानच होता. ज्या धंद्यात सगळे रंगरंगोटी करतात तिथे आपला नवरा आहे ते दाखवतो, एवढं मी माहेरी मान ताठ ठेवून सांगू शकत होते.

ह्यांचा जीव मात्र काळ्यापांढऱ्या फोटोंत. लोकांना वाटतं, रंग काढून टाकले की झाला फोटो काळापांढरा. तसं नसतं. संगणकावर प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. लाल, पिवळा, हिरवा, निळा. लाल पट्टी एकीकडे सरकवली की फोटोतल्या सगळ्या लाल गोष्टी काळ्या पडतात, दुसरीकडे सरकवली की त्याच उजळून पांढऱ्या होतात. हे तासन्‌तास त्या पट्ट्या सरकवत बसतात. मी शेजारी बसून डोळे मिटलेले, जांभया देणारे, तोंडात घास असलेले फोटो बाजूला काढते. आमचं भांडण साधारण त्याच वेळी होतं, कारण घास तोंडात असलेले फोटो ह्यांना आवडतात.

आम्हाला मूल नाही. ताईंची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी हेच आमचं मूल. ताईंचे यजमान लवकर गेले. ताई नोकरीवर आणि पोरगी आमच्या घरी, अशीच ती वाढली. जन्मापासून तिच्या डाव्या गालावर लालजांभळी खूण आहे. डोळ्याखालून सुरू होते आणि जबड्यापर्यंत उतरते. डॉक्टर म्हणाले होते, धोका काही नाही, पण जाणारही नाही. लहानपणी कुणी विचारलं तर ती सांगायची, "हा माझा नकाशा आहे." कुठला नकाशा विचारलं तर "ते अजून बघायचंय." शाळेत एका मुलानं चिडवलं, तर त्याच्या गालावर लाल शाई ओतून आली. ताईंना शाळेत बोलावणं आलं. त्या गेल्या, माफी मागितली, आणि घरी येऊन पोरीला कुशीत घेऊन पोट धरून हसल्या.

ती आता तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. नवीन आलेली मुलं पहिल्या दिवशी तिच्या गालाकडे बघत राहतात, दुसऱ्या दिवशी पाण्याची भीती वाटली की तिच्याच गळ्यात पडतात. तिनं लग्न ठरवलं ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलाशी. शांत मुलगा आहे. डोळे तपासून तपासून त्याला सवयच झाली आहे, समोरच्या गोष्टीकडे जरा जास्त वेळ बघत राहायची.

भाचीचं लग्न म्हटल्यावर फोटो दुसरं कोण काढणार? ह्यांनी त्या दिवसासाठी तीनदा हॉल बघून ठेवला होता. खिडक्या उत्तम, उंच, दोन्ही बाजूंना. हॉलवाल्यानं ऐन दिवशी जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत लालभडक गालिचा अंथरला. ऊन त्या गालिच्यावर पडायचं आणि तिथून वर सगळ्यांच्या तोंडावर यायचं. पाहुण्यांना साथीचा ताप आल्यासारखे सगळे चेहरे. ह्यांनी दिवे बंद केले, पडदे सरकवले, हॉलवाल्याला नको ते बोलले, पण गालिचा उचलून कुठे नेणार होते? शेवटी भाचीच म्हणाली, "मामा, काळेपांढरे कर सगळे. तुला तसेच आवडतात ना? मलापण चालतील."

ती त्या दिवशी खूप हसत होती. नवरामुलगा तिच्या शेजारी, खिशाला लाल फूल लावून, तिच्याकडे बघत उभा. मी बोर्ड धरून होते आणि माझे डोळे भरून येत होते, त्यामुळे बोर्ड हलत होता आणि हे ओरडत होते.

लग्नानंतर माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी तिच्याकडे गेले. अल्बम ह्यांनी एकट्यानं केला. फोनवर मला सांगायचे, "अगं, असं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं." मी म्हटलं, "दरवेळी असंच म्हणता." तर म्हणाले, "नाही, या वेळी खरंच. तू बघशील." मी परत आले तोवर अल्बम छापून, कापडात गुंडाळून तयार होता. मला उघडू दिला नाही. सगळ्यांनी एकत्रच बघायचा म्हणाले.

रविवारी ताईंच्या घरी जमलो. ताई, भाची, जावई, जावयाची आई आणि आम्ही दोघं. ह्यांनी नवा शर्ट घातला होता. टेबल पुसून घेतलं, ताईंच्या घरातला दिवा बंद केला, पडदा सरकवला, मग अल्बम मधोमध ठेवला. भाची म्हणाली, "मामा, आता पडदे पुरे, उघड." सगळे हसले.

पहिल्या पानावर ती एकटी होती. खिडकीकडे तोंड करून, मान जराशी वर. फोटो इतका सुंदर होता की मला आधी काही कळलंच नाही. जावयाची आई मनानं फार साधी बाई आहे, तिच्यात कपट नाही. तिनंच तोंड उघडलं. "अगंबाई! किती गोड! काही म्हणता काही दिसत नाही!"

भाचीनं पान उलटलं. मग पुढचं. मी आता तिचा गालच बघत होते. स्वच्छ, उजळ, दुधाळ. दुसऱ्या पानावर तसा, चौथ्या पानावर तसा. खूण नव्हतीच. हसताना गालावर पडणारी तिची खळीसुद्धा तिथे वेगळीच दिसत होती, कारण आम्ही ती खळी नेहमी त्या लाल रंगात बघितलेली.

"मामा," भाची म्हणाली. आवाजात अजून थट्टा होती. "ही कोण बाई आहे माझ्या नवऱ्याशेजारी?"

"कोण म्हणजे?" हे म्हणाले. "अगं, मी काही पुसलेलं नाही. शप्पथ. ब्रश लावला नाही, एक ठिपका बदललेला नाही. त्या गालिच्यामुळे सगळेच लालेलाल झाले होते, म्हणून लाल पट्टी सरकवली. तेवढंच. सगळ्यांनाच सरकवली."

ताई घाईघाईनं म्हणाल्या, "हो ना, तो गालिचाच मेला तसला होता."

जावई इतका वेळ अल्बमवर वाकून बघत होता. त्याच्या मनात काहीच नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. त्यानं एका पानावर बोट ठेवलं, मग मागे जाऊन दुसऱ्या पानावर ठेवलं. म्हणाला, "मामा, हे माझं खिशाचं फूल इथे काळं आहे, आणि इकडे पांढरं. असं कसं होतं?"

मीही वाकले. खरंच होतं. जिथे तो एकटा होता, मित्रांबरोबर होता, आईबरोबर होता, तिथे फूल काळं होतं. लाल फूल काळ्यापांढऱ्यात दिसतं तसंच. आणि जिथे ती त्याच्या शेजारी होती, तिथे फूल पांढरं. पान उलटलं, काळं. ती आली, पांढरं. लाल पट्टी सगळ्यांना नव्हती सरकवली. फक्त तिला सरकवली होती.

जावयाला ते स्वतः बोलून गेल्यावर कळलं. त्याचे कान लाल झाले आणि त्यानं बोट मागे घेतलं. ह्यांनी मान खाली घातली. मी ह्यांना लोकांशी भांडताना बघितलंय, आजारी बघितलंय, वडील गेले तेव्हा बघितलंय, पण असं कधी बघितलं नव्हतं. नवा शर्ट घालून बसलेला माणूस त्या खुर्चीत एवढासा झाला होता. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरी सांगितलेली ती सगळी वाक्यं माझ्या कानात वाजायला लागली.

भाचीनं अल्बम मिटला. जोरात नाही, नीट मिटला. कप गोळा करून आत गेली आणि नळाखाली धुवायला लागली. ताई म्हणाल्या, "जाऊ दे गं, तुझ्या चांगल्यासाठीच केलंय त्यानं, मुलांना दाखवशील उद्या." आतून आवाज आला, "आई, तू गप्प बस." एवढंच ती तेव्हा बोलली. ती जाताना अल्बम टेबलावर तसाच राहिला. विसरला असं समजून ताईंनी तो तिच्या मागे नेऊन द्यायला उचलला, तर ती जिन्यातूनच म्हणाली, "राहू दे तिथेच."

घरी आल्यावर हे सरळ संगणकापुढे बसले. "परत करतो. आहे तसे करतो." थोड्या वेळानं बघते तर ह्यांचा हात माऊसवर तसाच थांबलेला. पट्टी मागे आणली की खूण दिसायची, अजून मागे आणली की गडद व्हायची, आणखी मागे आणली की शाई सांडल्यासारखी काळीकुट्ट. "कुठे ठेवू?" ह्यांनी मला विचारलं. "तिची खूण इतकी काळी नाही. इतकी फिकीही नाही. यात आहे तसं असं ठिकाणच नाहीये गं. मीच ठरवायचं असतं." ही गोष्ट ह्यांना आयुष्यभर माहीत होती, काळ्यापांढऱ्या फोटोंबद्दल लोकांना व्याख्यान दिल्यासारखे तेच सांगायचे. त्या दिवशी मात्र पहिल्यांदाच ऐकल्यासारखे बोलले.

मग ह्यांच्या डोक्यात आलं, जुने फोटो काढायचे. तिचे लहानपणापासूनचे शेकडो फोटो आमच्याकडे आहेत. त्यातले खूण दिसणारे चांगले निवडायचे, मोठे करायचे, तिला द्यायचे. म्हणजे तिला कळेल, मामानं कधी लपवलं नाही, हे एकदाच झालं. ह्यांना जरा हुशारी आली. कपाटातली खोकी ओढली, दिवाणखान्यातल्या जमिनीवर सगळं पसरलं. मीही बसले. उघडीवाघडी आंघोळ करणारी ती, पहिल्या दिवशी दप्तर घेतलेली ती, दात पडलेला दाखवणारी ती. आमच्या स्टुडिओत दारासमोर एक मोठा फोटो लावलाय, त्याची प्रतही होती, ज्याला बक्षीस मिळालं आणि ज्याच्यावरून लोक आमच्याकडे यायला लागले. आठ वर्षांची ती, ताईंच्या खिडकीत, बाहेर बघणारी.

बघता बघता माझे हात थांबले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे अजून शोधत होते.

सगळ्यांत तिचा उजवा गाल होता. खिडकी तिच्या उजव्या बाजूला, उजवा गाल कॅमेऱ्याकडे, डावा सावलीत. जिथे समोरून होती तिथे केस पुढे आलेले, किंवा हातात फुगा, किंवा मांजराचं पिल्लू गालाशी धरलेलं. मांजराचं पिल्लू तिच्या हातात ह्यांनीच दिलं होतं, मला चांगलं आठवतं, मी तिथे होते. किती छान सुचलं ह्यांना, असं मी तेव्हा म्हटलेलं.

"अहो," मी म्हटलं, "एकही नाहीये."

"असणार. थांब जरा."

"नाहीये. तुम्ही काढलाच नाहीत."

हे गुडघ्यांवर बसले होते, त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला. म्हणाले, "मी उजेड बघून उभं करत होतो तिला." मी म्हटलं, "उजेड दोन्ही बाजूंना पडतो." माझ्याकडून ते जरा जास्तच लागेलसं बोललं गेलं, पण मला राग आला होता. ह्यांचा आला होता, आणि त्यांच्या शेजारी बोर्ड धरून उभ्या असलेल्या बाईचाही. मग ह्यांनी सांगितलं. अल्बम करताना पहिल्यांदा पट्टी सरकवली ती खरोखर गालिच्यासाठीच. सरकवता सरकवता खूण गेली. तेव्हा हात थांबला होता. "दिसलं होतं मला. मागे आणायला हवी होती. पण ती इतकी, इतकी बरी दिसत होती गं. मला वाटलं, एकदा तरी." ह्यांनी जमिनीवरचे फोटो पालथे घालायला सुरुवात केली, एकेक करून. मी थांबवलं नाही.

त्या आठवड्यात ह्यांनी एक लग्न नाकारलं आणि दुसऱ्या लग्नात दिवे बंद करायलाच विसरले. हॉलचा मॅनेजर माझ्याजवळ येऊन हळूच विचारून गेला, "पडदेवाल्यांची तब्येत बरी नाही का?" भाचीचा फोन नव्हता. आम्हीही केला नाही, कारण करून बोलायचं काय? ताई म्हणत होत्या, आपोआप निवळेल. मला ते पटत नव्हतं. ती या घरात वाढलेली पोर, तिचं या घराशी निवळायचं राहिलं तर आमच्याकडे उरलं काय? शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "उठा. जाऊन पाया पडायची वेळ आली तरी चालेल, पण घरी बसून चालणार नाही." हे उठले. निघताना सवयीनं कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली. मी काढून ठेवायला सांगणार होते, पण त्या पिशवीशिवाय हा माणूस रस्ता कसा ओलांडतो हेही मला ठाऊक नाही, म्हणून गप्प बसले.

तिचं नवं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चांगली मोठी खिडकी. सकाळची वेळ होती. जावई दुकानावर गेलेला. तिनं दार उघडलं, आत घेतलं, चहा टाकला. ओले केस पाठीवर सोडलेले. वागण्यात काही कमी नव्हतं, तेच मला खुपत होतं. आपल्या घरची मुलगी आपल्याशी पाहुण्यासारखी वागते तेव्हा काय होतं, ते मी कधी अनुभवलं नव्हतं.

हे काय बोलायचं ते वाटेत घोकत आले होते. सगळं विसरले. म्हणाले, "सगळी खोकी काढली. एकही नाही तसा."

"माहितीये," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"शाळेत असल्यापासून." तिनं चहा गाळला. "आधी वाटायचं, मामाला उजवी बाजू आवडते. फोटोवाल्यांचं काहीतरी असेल. मग एकदा तू मला पोरांच्या घोळक्यात उभं केलंस आणि सगळ्यांना हलवून मला डावा गाल झाकला जाईल अशा कडेला नेलंस. तेव्हा कळलं. मी काही बोलले नाही. म्हटलं, बिचारा चांगलं करायला बघतोय."

मी ह्यांच्याकडे बघू शकले नाही.

"पण लग्नात मी मुद्दाम डावा गाल पुढे करत होते, मामा," ती म्हणाली. "तू उजवा सांगायचास, मी डावा करायचे. तुला वाटलं असेल घाबरलीय, गोंधळलीय. मी गोंधळले नव्हते. म्हटलं, आज माझं लग्न आहे, आज तरी काढेल. आणि तू काढलेस रे. सगळे काढलेस, आणि घरी नेऊन पुसलेस."

ह्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"मैत्रिणींच्या फोनमध्ये मी असते. वाकडी, डोळे मिटलेली, कशीही. पण मी असते. तुझ्याच फोटोत नसते. मला कुणी चिडवलं ना, तर मला कधी लाज वाटली नाही. तुझ्या फोटोंनी वाटली."

हे उभे राहिले. मला वाटलं, आता निघतील. तर म्हणाले, "चुकलो गं. चूक म्हणू नये याला. लाज वाटत होती मला. तुझी नाही, म्हणजे, तुझीच. माझ्या लाडक्या पोरीला लोक बघतील म्हणून." लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून "चुकलो" हा शब्द मी ऐकला नव्हता. मीठ जास्त पडलं तरी तो ताटाचा दोष असायचा.

मग तिनं खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि डावा गाल खिडकीकडे येईल अशी बसली. "काढ," म्हणाली. "रंगीत."

ह्यांनी पिशवी उघडली. लेन्सचं झाकण हातातून निसटून पलंगाखाली गेलं. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन सरळ तिच्या गालावर पडलं होतं, खूण लखलखीत लाल दिसत होती. आणि तिचा हात वर गेला. गाल झाकला गेला. तिच्या ते लक्षात आलं, तिनं हात खाली घेतला, मांडीखाली दाबला. ह्यांनी पुन्हा कॅमेरा वर केला, तसा दुसरा हात गेला.

"असं कुठेच होत नाही," ती म्हणाली, रडत नव्हती, नुसतं सांगत होती. "तलावावर होत नाही. घरात होत नाही. तुझ्यासमोरच होतं, मामा."

ह्यांनी कॅमेरा खाली आणला. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. म्हणाले, "राहू दे. नको काढायला."

"काढायचाय," ती म्हणाली. "मामी, इकडे ये. माझे हात धर."

मी तिच्या उजवीकडे खाली बसले, फोटोत येणार नाही अशी, आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातात घट्ट धरले. पोहून पोहून तिच्या हातांत ताकद फार आहे. ह्यांनी कॅमेरा वर केला, आणि बटण दाबल्याचा आवाज येईपर्यंत ते हात माझ्या हातांतून सुटायला बघत होते.